हौसाबाईच्या कोंबडीची भूक

भूक पोटात नसते, मेंदूत असते. हे सत्य माणसाला फार पूर्वीच कळलं असतं; पण उपाशी माणसाला विचार करायला सवड नसते आणि जेवलेल्याला गरज वाटत नाही. म्हणून त्यासाठी समिती नेमावी लागते.

पेणला अशी समिती नवं शतक लागल्यावर चौथ्या वर्षी नेमली गेली. नाव 'पक्षी क्षुधा अभ्यास समिती'. सदस्य सात. त्यांत कोंबड्या पाळणारे शून्य, कोंबडी खाणारे सहा (सातवे सोमवारी आणि गुरुवारी खात नसत, एरवी तेही). अध्यक्ष हैबतराव. लेखनिक म्हणून कमळाकरची निवड झाली, कारण त्याचं अक्षर सुवाच्य होतं आणि आवाज बारीक.

समितीचं छत्तीस पानी टिपण कमळाकरनेच टाइप केलं, त्यामुळे ते पूर्ण वाचलेला तो एकटाच होता. त्यात म्हटलं होतं, की घ्रेलिन नावाचं संप्रेरक माणसाच्या मेंदूपर्यंत पोचलं की त्याला जेवणाची आठवण होते. तेच कोंबडीच्या पिल्लाच्या मेंदूत पोचलं की पिल्लू दाण्याकडे पाठ फिरवतं. हे ऐकून समिती इतकी भारावली की लगेच भजी मागवण्यात आली. पान एकतीसवर आणखी एक गोष्ट होती. अंड्यांवर बसलेल्या कोंबडीच्या मेंदूतून प्रोलॅक्टिन नावाचं दुसरं संप्रेरक सुटतं, त्या दिवसांत ती जेमतेम खाते, आणि त्यात काळजीचं काही नाही. पण तोवर भजी आली होती.

आता समितीला भूक मेलेला एक पक्षी हवा होता. पेण तालुक्यात तो मिळेना. गागोद्याहून तर अहवाल आला, की तिथल्या कोंबड्या अंगणात वाळत घातलेले वालही सोडत नाहीत. अखेर जानेवारीत रोहा तालुक्यातून, खांबच्या पुढच्या एका गावातून, तक्ता भरून आला: 'अन्न न खाणारे पक्षी: एक.' (तक्त्यात कारणाचा रकाना नव्हता.) त्या दिवसांत शेतात वालाच्या शेंगा भरतात आणि गावोगाव मडक्यात शेंगांबरोबर कोंबडी भाजून पोपटी लागते, हा निव्वळ योगायोग.

जीप निघाली. वडखळला मिसळ, नागोठण्याला चहा, आणि मग हौसाबाईच्या पडवीत समिती दाखल झाली. कोपऱ्यात टोपलीत कोंबडी पिसं फुगवून बसली होती. अध्यक्षांनी बोट पुढे केलं, तिने ते टोचलं.

"आक्रमक वृत्ती," अध्यक्ष म्हणाले. कमळाकरने लिहिलं.

"सायेब, आजारी नाय ती," हौसाबाई म्हणाली. "खुडूक हाय. तेरा अंडी हायेत तिच्याखाली. दोन दिसांत पिल्लं निघतील."

"खाते किती?"

"सकाळी उठते, चार दाणे टिपते, घोटभर पाणी पिते नि परत बसते. पोटच्या पोरांसाठी आमी नाय का उपाशी ऱ्हात?"

"नोंद घ्या. स्थानिक गैरसमज."

तिचा नवरा गुणाजी उंबऱ्यात विडी ओढत होता. "त्यांनी कोंबडी बघितलेली ती ताटात गो," तो बायकोला म्हणाला. "ताटातली कशाला अंड्यांवर बसतेय!"

तेव्हा अध्यक्ष वळले. "कमळाकर, तुम्ही इकडचेच ना? ही बाई म्हणते ते खरं आहे का?"

कमळाकरच्या आईने, विमलबाईने, त्याच्या बाजेखाली खुडूक कोंबड्या बसवल्या होत्या. त्याला आईकडून माहीत होतं आणि पान एकतीसवरूनही माहीत होतं. पण सात चेहरे त्याच्याकडे पाहत होते, आणि त्याच्या मनात आलं, आपली आई शिकलेली नव्हती, आणि टाइप करताना आपल्या चुकाही होतात.

"तसं म्हणतात, साहेब," तो म्हणाला. "पण अभ्यास करायला हरकत नाही."

कोंबडी उचलली गेली. नमुना क्रमांक एक. हौसाबाई जीपपर्यंत धावत आली.

"तू विमलबाईचा ना रे? तू तरी सांग त्यांना! अंडं कानाला लावून बघ, पिल्लं आत बोलतायत!"

कमळाकरने लिहिलं: 'पशुपालक महिला भावनाप्रधान.'

रोह्याच्या विश्रामगृहात कोंबडीला तारेच्या पिंजऱ्यात ठेवून रोज थंड पाण्यात बुडवण्यात आलं. पाचव्या दिवशी ती दाणे खाऊ लागली. समितीने टाळ्या वाजवल्या. निष्कर्ष: 'मेंदूतील अडथळा दूर होऊन भूक पूर्ववत.' शिफारस: दोन्ही तालुक्यांतील सर्व बसलेल्या कोंबड्या तातडीने उठवाव्यात. (उठवल्या. पुढल्या वर्षी पिल्लं का नाहीत, याचा अभ्यास करायला दुसरी समिती आहे. लेखनिक तोच.)

नमुना परत करण्याबाबत नियमांत तरतूद नव्हती. त्या संध्याकाळी विश्रामगृहामागच्या शेतात मडक्याच्या तळाशी भांबुर्ड्याचा पाला अंथरला गेला, त्यावर ओवा-मीठ लावलेल्या वालाच्या शेंगा, मधोमध मसाला चोळलेला नमुना क्रमांक एक, वर पुन्हा पाला. मडकं उपडं करून भोवती पेंढा पेटवला. अर्ध्या तासाने वास सुटला. हैबतरावांनी स्वतःच्या हाताने एक तंगडी कमळाकरच्या पानावर ठेवली. घ्रेलिनने आपलं काम चोख केलं. कमळाकर जेवला.

सकाळी हौसाबाई रिकामी टोपली घेऊन फाटकाशी उभी होती.

"खाते का रे आता माजी कोंबडी?"

"खायला लागली होती," कमळाकर म्हणाला.

"अंडी गार पडली," ती म्हणाली. "फोडून बघितली. पिसं आलेली."

टोपली काखेत मारून ती चालू लागली.

कमळाकर तेव्हा का बोलला नाही, असं काही वाचक विचारतात. प्रश्न रास्त आहे. पण पान एकतीस तुम्हालाही वाचून दाखवलं होतं, हौसाबाईही तुमच्यासमोरच बोलली होती, आणि जीप निघेपर्यंत कुणी हरकत घेतल्याची नोंद नाही. मडक्यातून वास सुटला तेव्हा तुमच्या तोंडाला पाणी सुटलं असेल, तर मात्र काळजी नको. मेंदू ठीक आहे.