हुडकेश्वरी चिलरास काचेची दारे लागली ती हकिगत

राजश्री रुपरावजी ठवकर, मालक ठवकर सुपर बाजार, मौजे हुडकेश्वर, परगणे नागपूर, यांस त्यांचे बालमित्र राजश्री प्रेमानंदजी गजभिये यांजकडून दोन उन्हाळ्यांमागे एक खलिता आला होता, त्याचे उत्तर रुपरावजींनी दिले नाही. तेथून या मोहिमेचे मूळ. पुढे जे जाहले ते ज्यांनी डोळां देखिले त्यांस पुसून, आणि जेथे दोघांची दोन मते पडली तेथे बरे वाटले ते धरून, येथे लिहिले असे. उणे असेल ते लिहिणाराचे, अधिक असेल ते उन्हाचे.

प्रेमानंदजी हे उमरेडच्या शाळेत रुपरावजींच्या बाकावरचे. पुढे त्यांनी हिमांकुर नामे कंपनी उभी केली आणि थोडकी वीज खाऊन पुष्कळ थंडी देणारी यंत्रे मोठमोठ्या किराणा बाजारांस पुरवावी, ऐसा उद्योग मांडून नाव मिळविले. खलित्यात मजकूर ऐसा की, तुझे दूधदह्याचे चिलर, म्हणजे थंड कपाट, समोरून उघडे आहे, आणि नागपूरच्या उन्हात उघडे चिलर ठेवणे म्हणजे बांध फोडून तळे राखणे होय. थंडी सारी बाहेर सांडते आणि यंत्र धापा टाकते. तरी मी काचेची दारे असलेले चिलर देतो, होय की नाही ते लिहून कळविणे.

मजकूर वाजवी होता आणि रुपरावजींस पटलाही होता. परंतु त्या उघड्या चिलरासमोर एक लाकडी बाक होता, आणि उन्हाळ्यात दुपारच्या जेवणानंतर त्या बाकावर शेजारच्या इंदूबाईंचा दरबार भरत असे. इंदूबाई वयाने थोर, जिभेने त्याहून थोर. त्यांची खोली टिनाच्या छपराची, आणि वैशाखातल्या दुपारी त्या खोलीत भाकर नुसती थापून ठेवली तरी तव्यावाचून भाजावी ऐसा ताप. म्हणोन त्या आणि त्यांच्या गल्लीतील म्हाताऱ्या बाया दुधाची एक एक पिशवी घेण्याचे निमित्त करून येत, बाकावर बसत, आणि चिलरातून सांडणारी थंडी पायांवर घेत उन्हे कलेपर्यंत मुलखाचा न्यायनिवाडा करीत. दारे लागली की थंडी सांडणार नाही, आणि थंडी सांडली नाही की बाक उठणार. होय लिहावे तर इंदूबाई जातात, नाही लिहावे तर मित्र जातो. रुपरावजी स्वभावे भिडस्त, गल्ल्यामागे इतिहासाची पुस्तके वाचीत बसणारे. त्यांनी पुष्कळ मसलत केली आणि काहीच लिहिले नाही.

अनुत्तरित पत्राचा धर्म ऐसा की ते पडल्या जागी वाढते. आरंभी तो उशीर होता, मग ती लाज जाहली, आणि वर्ष उलटता ते वैर दिसू लागले. एका लग्नात प्रेमानंदजी समोरून येताना दिसले, तेव्हा रुपरावजी बुंदीच्या कढईमागे गेले आणि पंगत उठेतो तेथेच राहिले. आचाऱ्यास ते वधूकडचे वाटले आणि त्याने त्यांस झारा दिला.

ऐसे असता शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सरी, नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातला नऊ दिवसांचा कडक ताप, लागला. रस्त्यावरचे डांबर चपलेस धरू लागले, कुत्री एटीएमच्या दारात निजली, आणि जुने चिलर भर दुपारी एक मोठा उसासा टाकून धारातीर्थी पडले. दूध नासले, श्रीखंडाने जागा सोडली, लोणी पात्रे ओलांडून चालले; आणि जी गिऱ्हाईके पिढीजात होती ती चौकातल्या मोठ्या मॉलची वाट धरू लागली. एक उन्हाळा बुडाला तर बाजार उभा राहत नाही, हे रुपरावजी जाणून होते. तेव्हा सौभाग्यवती वच्छलाबाई, ज्यांच्या हाती गल्ला आणि मुलूख दोन्ही, यांनी हिमांकुर कंपनीस फोन लाविण्याचा हुकूम केला. रुपरावजींनी दुसरी कंपनी पाहावी ऐसा अर्ज दबक्या आवाजात केला. त्यावर उत्तर आले की दुसऱ्या कंपन्या पाऊस पडल्यावर येतो म्हणतात, आणि ही उद्या येतो म्हणते, तरी नवरोबांनी आपल्या पुस्तकात डोके घालावे.

दुसरे दिवशी हिमांकुरची फौज टेम्पोतून उतरली. प्रेमानंदजी जातीने आले असावेत या भयाने रुपरावजी कोठारात तांदळाच्या पोत्यांआड दबा धरून बसले, आणि पुष्कळ वेळाने कळले की फौजेच्या सरदार हर्षाताई नामे एक तरुण अभियंता आहेत आणि त्या मालकाच्या सहीसाठी खोळंबल्या आहेत. मग रुपरावजी कोंडा झटकीत बाहेर आले आणि सही केली. जुने चिलर निघाले, नवे बसले, काचेची दारे लागली आणि यंत्र ऐसे मुकाट चालू जाहले की ते चालते की नाही हे पाहण्यास हात लावावा लागे. दही घट्ट राहिले. गिऱ्हाईक परत फिरू लागले. वच्छलाबाईंनी पेढे वाटले.

मग दुपार जाहली आणि इंदूबाई आल्या. बाकावर बसल्या, पाय पुढे केले, वाट पाहिली. थंडी आली नाही. त्यांनी दाराकडे पाहिले, मग रुपरावजींकडे पाहिले, आणि बोलल्या,

"काहून गा रुपराव, थंडीले बी कुलूप लावलं काय?"

रुपरावजींनी पुस्तकाचे पान उलटले. ते उलटे धरले होते.

इंदूबाईंनी उघड लढाई न करता गनिमी कावा आरंभिला. एक एक बाई उठावी, चिलराचे दार सताड उघडावे, दह्याचा डबा हाती घ्यावा आणि त्यावरली तारीख वाचीत उभे राहावे. आणि चष्मे सर्वांचे घरी राहिलेले, म्हणोन वाचनास फार वेळ लागावा. एकीचे वाचून जाहले की दुसरीने शंका काढावी. दार लोटले जाईना, यंत्र पुन्हा धापा टाकू लागले, आणि वच्छलाबाईंच्या कपाळी आठी पडली. बाक उचलून टाका, ऐसे फर्मान त्या संध्याकाळी निघाले. ते इंदूबाईंस सांगण्याची कामगिरी रुपरावजींवर आली.

रुपरावजी रात्रभर तळमळले. बाक उचलावा तर ती म्हातारी टिनाखाली भाजणार. ठेवावा तर दूध पुन्हा नासणार. आणि पहाटे त्यांनी ती चूक केली जी नागपूरकरावाचून कोणी करणार नाही. नागपुरी माणूस कुलरास यंत्र मानीत नाही, घरातले माणूस मानतो, आणि घरातले माणूस घात करील हे त्याच्या मनास शिवत नाही. रुपरावजींनी आपल्या निजायच्या खोलीतला पत्र्याचा कुलर हातगाडीवर घातला, दुरुस्तीस नेतो ऐसे वच्छलाबाईंस सांगितले, आणि तो बाजारात नेऊन, ताज्या वाळ्याच्या ताट्या भिजवून, बाकाशेजारी चिलरास लागून उभा केला. दुपारी बाया आल्या, गार वारा आला, वाळ्याचा वास आला, आणि दह्याच्या तारखा कोणी वाचल्या नाहीत. रुपरावजींस वाटले, फत्ते जाहली.

दुसरे दिवशी काचा धुरकटल्या. आत दूध आहे की दही हे दिसेना, म्हणोन प्रत्येक गिऱ्हाईक प्रत्येक दार उघडून पाहू लागले. मग काचांवरून पाणी ओघळले, मग आत यंत्राच्या नळ्यांवर बर्फाचे थर चढले, आणि मग चिलराने ऐसा भोंगा वाजविला की समोरच्या शिकवणीतली पोरे सुटी जाहली समजून बाहेर आली. हर्षाताई धावून आल्या. त्यांनी बर्फ काढिला, दारांची रबरे तपासली, आणि सारे ठीक असता ऐसे का होते हे न उमगून थेट प्रेमानंदजींस सांगून पाठविले. तपासणीच्या वेळी, तसेच वच्छलाबाई बाजारात येत तेव्हा, रुपरावजी कुलर कोठारात लोटून ठेवीत आणि त्या गेल्या की पुन्हा काढीत, हे येथे नमूद करणे प्राप्त आहे.

तिसरे दिवशी रुपरावजी बादलीने कुलरच्या टाकीत पाणी ओतीत असता त्यांच्या पाठीमागे कोणी येऊन उभे राहिले. वळून पाहतात तो प्रेमानंदजी. केस पिकले होते, बाकी तेच. कोठार दूर होते आणि बुंदीची कढई नव्हती.

प्रेमानंदजींनी कुलर पाहिला, धुरकट काचा पाहिल्या, मग मित्राच्या हातातली बादली पाहिली. "रुपराव," ते म्हणाले, "चिलरच्या शेजारी कुलर?"

"इंदूबाईले गरम होऊन राहिलं होतं," रुपरावजी म्हणाले. आणि बादलीकडे पाहत, दोन उन्हाळे जे गिळून ठेविले होते ते सारे, बाक आणि टिन आणि खलिता, तेथेच सांगून टाकिले.

प्रेमानंदजींनी आधी कुलरचे बटण बंद केले. मग म्हणाले, "हेच लिहून टाकायचं होतं नं गा. मले वाटलं, तू माह्यावर नाराज आहेस."

मग त्यांनी समजाविले की कुलरचा वारा ओला असतो, आणि तो ओलावा गार काचेवर बसून पाणी होतो आणि आतल्या नळ्यांवर बसून बर्फ होतो. कुलर आणि चिलर हे दोघे भले, परंतु एका छताखाली नांदणारे नव्हेत. तेव्हा तहाची बोलणी लागली. ठरले ते ऐसे की चिलराची दारे लोटलेली राहावी. बाक बाहेरच्या ओसरीत जावा. ओसरीस हिरवी जाळी आणि वाळ्याच्या ताट्या लागाव्या आणि कुलर तेथे चालावा. टाकीत पाणी रुपरावजींनी जातीने घालावे. आणि वच्छलाबाई, ज्या उकाड्यात निजून कुलर दुरुस्तीहून येण्याची वाट पाहत होत्या, त्यांनी सर्व ऐकून घेऊन एकच कलम वाढविले, की घरासाठी इतवारीच्या बाजारातून नवा कुलर आजच यावा, आणि तो मोठा असावा.

परंतु तह इंदूबाईंच्या मान्यतेवाचून पुरा होणार नव्हता. आत बसणारीस ओसरीत बसविणे म्हणजे उठविणेच की काय, ही रुपरावजींस धास्ती. इंदूबाई ओसरीत आल्या. बसल्या, पाय पुढे केले. रुपरावजी बादली घेऊन उभे. वारा आला. इंदूबाईंनी रस्त्याकडे पाहिले, कोण कोणाच्या घरी शिरते ते पाहिले, आणि बोलल्या,

"आतल्यापरीस बरं आहे गा. एका पिशवीच्या दुधावर रोज दुकानात बसाची मले लाज वाटे."

रुपरावजींनी बादली खाली ठेविली. एक लाज बाकावर बसली होती आणि दुसरी, अनुत्तरित खलित्याची, गल्ल्यामागे, आणि दोघींस एकमेकींचा पत्ता नव्हता.

त्या दिवसापासून काचा लख्ख राहिल्या, भोंगा वाजला नाही, मॉलकडे गेलेली गिऱ्हाईके दह्यासाठी परत आली. तहानंतर चौथे दिवशी प्रेमानंदजी पाहणीस आले आणि ओसरीत इंदूबाईंच्या शेजारी मठ्ठा पीत बसले. तेव्हा रुपरावजींनी पुढे होऊन, राहून गेलेले उत्तर आता तोंडीच द्यावे ऐसा मनोदय सांगितला.

"तोंडी नाही चालत," प्रेमानंदजी म्हणाले. "मी टपालानं लिहिलं होतं."

"लिही गा त्याले," इंदूबाईंनी निकाल दिला.

रुपरावजी गल्ल्यामागे बसले. पहिले पत्र फार लांब जाहले, ते फाडिले. दुसऱ्यात क्षमा इतकी मागितली की ती वाचून मित्र लाजला असता, तेही फाडिले. मग एक अंतर्देशीय पत्र घेतले, त्यावर एकच ओळ लिहिली, घडी घालून चिकटविले, आणि प्रेमानंदजी ओसरीत समोर बसले असता त्यांच्यापुढून, डोक्यास दुपट्टा बांधून, भर उन्हात बँकेच्या कोपऱ्यावरील लाल पेटीकडे कूच केले. पेटीशी क्षणभर थांबले, हा त्यांचा स्वभाव. मग पत्र आत सोडिले आणि ते तळास लागल्याचा आवाज कान देऊन ऐकिला.

ओळ ऐसी होती: "दारे लावली आहेत, तू ये, उघडतो."

क्रोधी नाम संवत्सरी, नवतपा सरता, हुडकेश्वरची मोहीम फत्ते जाहली, चिलर कायम जाहले, बाक कायम जाहला, आणि जे उत्तर बाकी होते ते त्या दिवशीच्या टपालाने रवाना जाहले, ही नोंद असे.