शाल्मलीच्या देहराज्यीं फौज आवरली नाहीं त्याची हकीकत

श्री. ज्यांस रक्षावयास ठेविलें त्यांनीं रक्षावें, इतकेंच मागणें. शके १९४५, शोभन नाम संवत्सर, मार्गशीर्ष मास. एक राज्य होतें, तें म्हणजे सात वर्षे वयाच्या शाल्मलीचा देह. वजन साडेअठरा किलो, पुढचे दोन दात पडलेले, एवढाच मुलूख, परंतु फौज मोठ्या राज्यास लाजवील ऐसी. त्या राज्यांत घशाच्या वेशीवरून गनीम शिरला, आणि फौजेनें तिसरे दिवशीं त्यास कापून काढिला, आणि तेथेंच प्रकरण मिटावें. परंतु या राज्यीं चाल ऐसी जे, जासुदानें आरोळी दिली कीं ऐकणाऱ्या सरदारानें खरेंखोटें न पाहतां आपले दहा जासूद पुढें धाडावे. वैद्य लोक या जासुदांस सायटोकाइन म्हणतात, आणि नांवांऐवजीं क्रमांकांनीं ओळखितात. गनीम मेला हें सांगणाऱ्यास मात्र कोणी घोडें देईना. मग सहा क्रमांकाचे जासूद ताप घेऊन धावले, आणि अठरा क्रमांकाचे तर इतके जाहले कीं मोजणाऱ्यानें मोजणें सोडिलें, आणि सरदार मंडळी लढावयास कोणी मिळेना म्हणून आपल्याच रसदेचीं माणसें, म्हणजे रक्तांतील तांबडे कण, गिळूं लागली. पराक्रम थोर, फक्त समोर कोणी नव्हतें.

बाहेर दवाखान्यांत डॉक्टर पानसे या राज्याची देखरेख करीत होते. त्यांची रीत ऐसी जे, रक्त काचेच्या नळींत उभें करावें आणि तासाभरांत तांबडा गाळ किती खालीं बसला तें पाहावें. जास्त बसला तर आंत युद्ध जास्त. सोमवारीं आकडा एकशें दहा आला, आणि गुरुवारीं बावीस, आणि डॉक्टरसाहेब प्रसन्न होऊन मातोश्री केतकीबाईंस बोलिले, "उतरलं बघा! आता घाबरायचं नाही." मातोश्रींनीं पेढे आणविले. तेव्हां वीस वर्षे वॉर्डांत मुरलेल्या सिस्टर भोईटे चार्ट पुढें करून म्हणाल्या, "साहेब, ताप एकशे चारच आहे. पोट फुगलंय. मग हा आकडा उतरला कशानं?" साहेब हंसून म्हणाले, "सिस्टर, चांगली बातमी तुम्हाला सोसतच नाही." यावर सिस्टर, "सोसेल हो, आधी ती खरी तर निघू द्या." मातोश्रींनीं त्यांच्याही हातावर पेढा ठेविला, त्यांनीं घेतला, खाल्ला नाहीं. इतक्यांत शाल्मली बोलिली, "आई, पेढा नको. माझं नाक पूस." पुसावयास गेलें तों रुमाल लाल जाहला, आणि दुसरा रुमालही.

मग कळों आलें कीं, गाळ खालीं बसावयास आणि वाहतें रक्त गोठावयास रक्तांत जें चिकट द्रव्य लागतें, तेंच या जाळपोळींत सरलें होतें; युद्ध थांबलें म्हणून आकडा उतरला नव्हता, राज्य सरत आलें म्हणून उतरला होता. साहेबांचाही चेहरा उतरला, आणि त्यांनीं स्टेरॉइडचें सक्त ताकीदपत्र शिरेंतून सोडिलें, आणि जासुदांचीं तोंडें बांधणारें दुसरें औषध दूर शहरांतून मागविलें, आणि शनिवारीं आरोळ्या खरोखर थांबल्या. मातोश्रींनीं पुसिलें, "ताप उतरला ना हो, डॉक्टर?" "उतरला," साहेब बोलिले, आणि या खेपेस हंसले नाहींत. कारण तोंवर यकृत नामें कोठार जळालें होतें, आणि रक्त घडविणारे कारखाने ओस पडले होते, आणि ताकीद पोंहोंचली ती रिकाम्या पेठेंत. रविवारीं सकाळीं शाल्मली गेली. सिस्टरांनीं चार्ट मिटला.

एवंच, फौजेचा पराभव कोठें जाहला नाहीं, एकही सरदार पळाला नाहीं, आणि मुलूख राहिला नाहीं. सांत्वनास येणारे केतकीबाईंस सांगतात, "पोर शूर हो तुमची, शेवटपर्यंत लढली." तेंच तर जाहलें.