खड्डा माझा, गॅस जमिनीचा

तळघरातलं पाणी मीच काढणार, असं मी एका रविवारी चहा पिताना जाहीर केलं. बायकोला तिथे शिवणाचा क्लास सुरू करायचा होता. सहाजणींनी नावंही दिली होती. पण पाऊस झाला की खाली घोटाभर पाणी साचायचं. जाणकार माणूस बोलावू या, असं तिचं म्हणणं. मी मात्र व्हिडिओ पाहिले होते. (चार. त्यातला एक शेवटपर्यंत.)

तीन रविवार खपून मी आतून भिंतीलगत चर खणला, त्यात भोकं असलेला पाइप टाकला आणि कोपऱ्यात खड्डा करून पंप बसवला. पुढच्या पावसात फरशी कोरडी ठणठणीत. येईल त्या पाहुण्याला मी खड्डा दाखवायला खाली नेऊ लागलो. (पाहुणे कमी झाले.)

मग सासरे आले. ते रसायनशास्त्राचे निवृत्त शिक्षक. लेक तासन्‌तास तळघरात बसणार म्हणून त्यांनी तिथे आठवडाभर हवेतला गॅस मोजणारा एक मीटर ठेवला. आकडा मर्यादेच्या तिप्पट. हा रेडॉन, मातीतून येणारा गॅस. वर्षानुवर्षं श्वासातून गेला तर फुप्फुसाचा कॅन्सर होऊ शकतो, असं त्यांनी सांगितलं. मी लगेच रांगत सगळे कोपरे हुंगले आणि वास येतोय खरा, असं कळवलं.

"जावईबापू, त्याला वास नसतो," सासरे म्हणाले.

(वास पायपुसण्याचा होता.)

क्लास पुढे ढकलावा लागला. बायकोने सहाजणींना एकेक फोन करून तसं कळवलं, ते मला लागलं.

शेवटी जाणकार माणूस आलाच. त्याने आधी उघड्या खड्ड्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"भेगांमधून थोडा येतच असेल. तुम्ही त्याला दरवाजा करून दिलात."

शिवाय भिंत अजून ओलीच होती. आतला चर आलेल्या पाण्याला वाट दाखवतो, येणाऱ्याला अडवत नाही. ते काम बाहेरून करावं लागेल, असं त्याने समजावलं. मग खड्ड्यावर हवाबंद झाकण बसवलं, भेगा बुजवल्या, गॅस बाहेर ओढायला फरशीखालून छपरावर पाइप नेऊन पंखा जोडला. (शिडी मी धरली.)

आठवड्याने तो पुन्हा तपासायला आला, तेव्हा आकडा मर्यादेच्या खूप खाली होता. बायकोने हसत सहाजणींना फोन केले. सातवीही यायला तयार झाली.

जाताना त्या माणसाने विचारलं, की तुमच्या खड्ड्याचा फोटो आमच्या ट्रेनिंगमध्ये दाखवला तर चालेल का. मी भरून पावलो. खुशाल दाखवा, खाली माझं नावही टाका, म्हणालो.

तो अवघडला. "धडा 'काय करू नये' हा आहे, साहेब. नाव नको."

बायकोने मात्र कागद घेऊन त्याला माझं पूर्ण नाव लिहून दिलं.