शिर्केकाकांचा कर्मयोग

सुदामा नगरात कुणाच्या घरी झाडू, फावडं किंवा पाना वाजला, की शिर्केकाका लाल फडक्यातली पोथी घेऊन हजर. दुसऱ्याचे श्रम त्यांना दुरून ऐकू यायचे. काम करणाऱ्यासमोर खुर्ची टाकायची, पोथी उघडायची आणि त्याला त्याच्याच घामाचा अर्थ समजावून सांगायचा, हा त्यांचा निवृत्तीनंतरचा उद्योग.

मी मूळची नाशिकची. या हिंदी मुलखात, शहराबाहेरच्या सिमरोलला कॉलेजात शिकवायला लागले आणि काकांच्या शेजारी भाड्यानं राहिले. पहिल्याच आठवड्यात गच्चीवरच्या टाकीचा पाइप फुटला. प्लंबर टाकीत डोकं घालून उभा, आणि काका त्याच्या पाठीशी: "भिया, पाइप तू नाही जोडून राहिला. करणारा वरचा आहे. तू फक्त निमित्त!"

टाकीतून घुमत आवाज आला, "तो अंकल, ऊपरवाले से बोलो, जरा पाना पकड़ ले."

काकांनी पाना पकडला नाही. पान उलटलं.

मलाही सुटका नव्हती. सकाळी बस गाठायला धावत निघावं, तर फाटकाशी काका. "मॅडमजी, थकता कशाला? थकतो तो देह."

"काका, बस देहालाच पकडायची आहे!" असं ओरडून मी पळायची.

त्यांच्या घरात हा कर्मयोग चालवायच्या सुमनकाकू. धुणं, भांडी, दळण, कूलरमध्ये बादलीनं पाणी. काका झोपाळ्यावरून खड्या आवाजात फळाची आशा सोडायला सांगायचे आणि त्याच दमात विचारायचे, "सुमन, चाय होऊन राहिली की नाही?"

मला राग यायचा. काकू हसायच्या. "वाचू दे ग. आवाज चांगला आहे त्यांचा."

मागच्या उन्हाळ्यात काकूंना पक्षाघात झाला. इस्पितळातून घरी आल्या तेव्हा उजवा हात लुळा आणि वाचा गेलेली. पुण्याला असणारी त्यांची मुलगी पंधरा दिवस राहून गेली. जाताना बाई लावते म्हणाली, पण काका ऐकेनात.

एका रविवारी मी पोहे घेऊन गेले. काका अंगणात चादर पिळत होते. पायजमा गुडघ्यापर्यंत भिजलेला, चादरीचं एक टोक नळाला बांधलेलं.

मी बशी ठेवून ते टोक सोडवलं आणि हातात धरलं. दोघांनी मिळून चादर पिळली. काका मनगट चोळत म्हणाले, "चाळीस वर्षं पोथी वाचली, मॅडमजी. पण चादर पिळताना इतकं दुखतं, हे माहीतच नव्हतं. तिनं कधी सांगितलं नाही." मग चादर झटकत, "मी विचारलं पण नाही."

"वाचन बंद केलंत?"

"नाही हो. दुपारी वाचतो, तिच्याजवळ बसून. मतलब नाही सांगत. तो तिला मालूम आहे."

आत काकू खाटेवर बसल्या होत्या, केस मोकळे. काकांनी हात पुसले आणि मागे बसून वेणी घालायला घेतली. दोन पेड घातले की तिसरी बट निसटायची. तिसऱ्यांदा निसटली तेव्हा काकूंनी डावा हात मागे नेला, चाचपून ती बट त्यांच्या बोटांत दिली आणि हात तिथंच राहू दिला.

पोहे निवत होते. तिकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. मी चपला हातात घेऊन बाहेर पडले.