यशोधनराव पावशेर कमी भरले त्याची बखर

चारी चाके ज्याच्या कृपेने जमीन धरोन राहतात त्या गजाननास आधी दंडवत. मग शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सर, आश्विन शुद्ध एकादशी, वार शुक्रवार, ते दिवसापासोन सोमवारपर्यंत फिरंगाणात जे वर्तमान जाहले ते जैसे ऐकिले तैसे लिहिले आहे, पदरचे घातले ते थोडकेच.

राज्याचे धनी दादासाहेब इंगवले. मुलुख म्हणावा तर हमरस्त्यालगत एक गॅरेज, दोन गाळे, आणि मागे चिंचेखाली मोडक्या जीपगाड्यांची पागा. त्यांचे पोटी यशोधनराव, उमर सतरा, अंगाने काडी, परंतु हाती स्टेअरिंग आले की वाऱ्यास मागे सारीत, म्हणोन दादासाहेबांनी त्यांस फिरंगाणात मोहिमेस धाडिले. तेथील रथ अजब. एकाच माणसाचे आसन, वर छप्पर नाही, चाके अंगाबाहेर, आणि रथी आत निजल्यासारखा बसे. ऐसे तीस रथ एकदम सोडीत आणि जो पुढे तो थोर मानीत. फौजेच्या मालकांनी, म्हणजे ज्यांस तिकडे टीम म्हणतात त्यांनी, शब्द दिधला होता की हंगामाचे अखेरचे शर्यतीत पहिले दहांत आलात तर पुढील साल रथ तुमचा, नाहीतर घरचे विमान तुमचे. दादासाहेबांस रथ पाहिजे होता. आईसाहेब सुवर्णाबाई यांस विमान पाहिजे होते. यशोधनरावांस काय पाहिजे हे कोणी पुसले नाही, आणि ते एका परीने बरेच, कारण त्यांस दोन्ही पाहिजे होते.

आता त्या देशीचा कायदा ऐसा की रथ आणि रथी मिळोन ठरीव वजनाखाली जाता नये. रथी हलका तर तितके शिसे रथात ठोकावे. हे काम तोमास मेस्त्री यांजकडे, वृद्ध, मिशाळ, बोलणे कमी. यशोधनरावांनी आठ मास घर पाहिले नव्हते आणि जेवण म्हणजे तिकडील उकडल्या शेवया. घराची सय येई आणि घास तोंडात फिरे, आणि घास फिरे तैसे वजन उतरे, आणि वजन उतरे तैसे मेस्त्री शिसे वाढवीत. पावशेराची एक पट्टी. चैत्रात एक होती, आषाढात तीन जाहल्या, भाद्रपदाअखेर सात. ऐसा तो विरह रथाच्या तळाशी स्क्रूने आवळला होता, आणि पृथ्वीवर रीतसर वजन जाहलेला विरह बहुधा हा एकच. दसऱ्यास आपटा मिळेना म्हणोन आमच्या सरदारांनी, म्हणजे यशोधनरावांनी, कोण्या एका झाडाचे पान मेस्त्र्यांस दिधले आणि म्हणाले, "हे सोने समजा." मेस्त्र्यांनी पान उलटसुलट पाहिले, काट्यावर ठेविले, "काहीच भरत नाही" म्हणाले, आणि जपोन खिशात घातले.

मग शुक्रवारी आईसाहेबांचा डबा पावला. आत डिंकाचे लाडू, संख्या सोळा, दोहोंस पावशेर भरे ऐसे. डबा उघडला न उघडला तो फोन आला. "पोचलं का?" "पोचलं. अगं आई, इतके कशाला? गाडी जड होती." "होऊ दे की. जड झाल्यावर हळू पळती म्हणत होतास नव्हं?" "मी कधी म्हणालो?" "ह्यांना सांगत होतास. मी भांडी घासत होते, बहिरी नव्हते. एका किलोनं पण फरक पडतो म्हणालास. सोळाच्या सोळा खा. आज एकादशी हाय, डिंक-खोबरं उपासाला चालतंय. आणि बाळा, सावकाश जा." हे शेवटले वाक्य आईसाहेब आठ मास फोन ठेविताना बोलत आणि दादासाहेब दर खेपेस पलीकडे डोके धरोन बसत. परंतु या खेपेस त्यामागे मनसुबा होता. लाडवाने लेक जड व्हावा, जड रथ मागे राहावा, आणि दिवाळीच्या पहिल्या आंघोळीस लेकराच्या पाठीस आपण तेल लावावे. ऐसा कावा मोठमोठ्या सेनापतींस सुचला नाही, कारण त्यांस डिंक तळता येत नव्हता.

यशोधनरावांनी दोन दिवसांत चौदा लाडू फस्त केले. शनिवारी मेस्त्र्यांनी वजन केले, डोळे चोळिले, पुन्हा केले, आणि सातही पट्ट्या काढोन ठेविल्या. म्हणाले, "पोरा, तू आज घरी जाऊन आल्यासारखा भरतोस." उरले दोन लाडू. ते काही केल्या तोंडी घालवेनात, कारण ते संपले म्हणजे घर संपले. मग ते रुमालात बांधोन, अंगरख्याखाली कमरेस लाविले आणि चौदाव्या जागेवरोन रविवारी त्या अखेरचे शर्यतीस उभे राहिले.

त्या दिवशी ऊन ऐसे की डांबर मऊ जाहले. रथ सुटले. पहिले वळणी दोन रथी एकमेकांत गुंतोन वाळूत गेले आणि यशोधनराव बारावे जाहले. मग मनी विचार आला की हळू जावे, दिवाळी पंधरा दिवसांवर आहे, दारी किल्ला करावयाचा आहे, चकलीचा सोऱ्या आपण धरितो. मनाने ऐसा हुकूम काढिला. परंतु उजवा पाय दादासाहेबांवर गेला होता, तो ऐकेना. अकरावे जाहले. अखेरचे फेरीत पुढील रथ वळणी अंमळ रुंद गेला आणि आत जी फट दिसली तीत पायाने सरदारांस न पुसता रथ घातला. दहावे जाहले.

मग नियमाप्रमाणे तराजू. रथ चढविला, वरी रथी चढावयाचा, तो यशोधनरावांनी रुमाल सोडोन मेस्त्र्यांच्या हाती दिधला, कारण आईच्या हातचे अन्न लोखंडी काट्यावर चढविणे त्यांस बरे वाटेना. तराजूचा अंमलदार आकडा पाहोन म्हणाला, "पावशेर कमी. बाद." मेस्त्र्यांनी घामाचा अदमास धरिला होता, परंतु ऊन अदमासाबाहेर. ते रुमाल वर धरोन म्हणाले, "थांबा. हे पोराच्या कमरेस होते." अंमलदाराने गाठ सोडिली, हुंगिले, आणि कायद्याचे पुस्तक आणविले. त्यात लिहिले होते की रथी शर्यतीत ज्या वेषे होता त्याच वेषे मोजावा. लाडवास मनाई लिहिली नव्हती, लाडू हा शब्दच नव्हता. मग अंमलदार यशोधनरावांस पुसता जाहला, "शर्यत सुटली तेव्हा हे तुझ्या अंगावर होते काय? तू सांगशील ते लिहितो."

येथे सरदारांपुढे दोन वाटा. नाही म्हणावे तो पंधरा दिवसांनी घर, आणि तेल, आणि किल्ला. कोणी खोटे पाडणार नव्हते. मेस्त्र्यांचे हात पाहिले. मिशीवाला सुटलेल्या रुमालास जपोन पुन्हा गाठ मारीत होता. मग म्हणाले, "होते." रुमाल पुन्हा कमरेस बांधला, काट्यावर चढले, आणि वजन पुरते भरले, वर तोळाही नाही. सरदारांच्या डोळ्यांस पाणी आले. मेस्त्री समजले की आनंदाचे, आणि पाठ थोपटली.

मग फोन लाविला. "कितवा आलास?" "दहावा." "म्हणजे?" "म्हणजे अजून एक साल हितंच." मागे दादासाहेब कोणास पेढे आणावयास धाडीत होते तो गलबला ऐकू आला. आईसाहेब म्हणाल्या, "लाडू संपले?" "दोन ऱ्हायलेत. त्यांनीच काम केलं, आई." आणि सर्व हकिगत सांगितली. आईसाहेब म्हणाल्या, "म्हणजे मीच ठेवलं होय रं तुला तिकडं." आणि नाक ओढोन, "बरं. पुढल्या खेपेला चुरमुऱ्याचे पाठवते. हलके असत्यात." आणि फोन ठेविला. सावकाश जा हे त्या दिवशी म्हणाल्या नाहीत.

एवंच रथ राहिला आणि घर लांबले. दोहोंपैकी एक लाडू मेस्त्र्यांस दिधला, एक अद्याप रुमालात आहे. सोमवारी मेस्त्र्यांनी रिवाजाप्रमाणे सरदारांचे वजन केले आणि काही न बोलता शिशाची एक पट्टी ठोकिली. इतके भरले, इतके लिहिले.