मासोळ्यांचं जुनं पाणी

"मासोळ्या पाळाले काय लागते? ज्याले भांडं घासता येते, त्याले मासोळी पाळता येते!" आर्णीच्या हिरासिंगनं शेजारच्या सायकलवाल्या वाहिदला छाती ठोकून सांगितलं.

वाहिद पंक्चर काढत राहिला. बायको जाऊन दोनच महिने झालेल्या माणसाला बोलू द्यावं.

ती बायको, मानीबाई, मागे काचेच्या बरणीत दोन मासोळ्या ठेवून गेली होती. घरात तिचं जिवंत असं तेवढंच उरलं होतं. आज तिची बहीण हंसाबाई ढाणकीहून येणार होती. मासोळ्या धड नसल्या तर घेऊन जाईन, असा तिचा निरोप होता.

म्हणून हिरासिंगनं मासोळ्या वाटीत काढून बरणीतलं हिरवट पाणी म्हशीच्या रिकाम्या डोणीत ओतलं. बरणी राखेनं घासली. विहिरीचं ताजं पाणी भरलं. पावसाळ्यातलं पाणी, चहासारखं गढूळ! मग घरोघरी करतात तेच केलं. तुरटी फिरवली. पाहुणीचा मान म्हणून चांगले वीस फेरे! पाणी आरशासारखं झालं. मासोळ्या आत सोडल्या, तशा त्या वर येऊन तोंडं उघडू लागल्या.

"वाहिदभाई, पाहा! गाणं म्हणून राह्यल्या!"

"गाणं कायचं? दम तोडून राह्यल्या! मीठ टाक!"

मीठ टाकलं. एक मासोळी आडवी झाली.

"तुरटी आंबट असते. चुना टाक, आंबटपणा मरते!"

हिरासिंगनं चुन्याची डबी उघडली, तेवढ्यात हंसाबाई दारात.

"भाऊजी, कढी करून राह्यले काय? जुनं पाणी कुठी हाय?"

हिरासिंग डोणीकडे धावला. म्हैस तोंड घालून पीत होती! त्यानं शिंगं ओढली, शेपूट ओढली.

"सोड! मानीचं पाणी हाय ते!"

म्हशीनं त्याला शेणात बसवलं आणि बाजूला झाली. तळाशी चार बोटं पाणी उरलं होतं. हंसाबाईनं मासोळ्या त्यात सोडल्या. बऱ्याच वेळानं आडवी झालेली सरळ झाली.

"मानीबाई रोज लोटाभर पाणी काढे, रात्रभर भरून ठेवलेलं लोटाभर पाणी टाके. सारं कधीच बदललं नाई. चार वर्षं तुम्ही काय पाहत होते?"

हिरासिंग शेणातच बसून राहिला. चार वर्षं तो रोज ओरडत होता, "लोटा लोटा काय खेळून राह्यली? एकदाच ओत अन् चहा ठेव!"

"मग, नेऊ काय मासोळ्या?"

"नको नेऊ. मले शिकव."

तेव्हापासून डोण मासोळ्यांची झाली. म्हैस वाहिदच्या दारात पाणी पिते. मासोळ्या कशा वाचल्या, असं कोणी विचारलं की हिरासिंग खाली पाहतो.

"म्हशीले अक्कल होती. तिनं थोडं जुनं पाणी ठेवलं."