ठावठिकाणा, सकाळी सहा ते सात

दारावरच्या घंटेतले सेल काढून ठेवायचे, असं जावईबापूंनी एका सोमवारी दुपारी चहा पिता पिता ठरवलं. त्या घंटेचा आवाज असा होता की दाबणारासुद्धा दचकायचा. बायको सकाळचा सराव करून यायची, जेवून जरा आडवी व्हायची, आणि तेवढ्यात समोरच्यांचं पार्सल घेऊन आलेला कोणीतरी चुकून यांची घंटा दाबायचा. ती ताडकन उठून बसायची. सहा आठवड्यांवर तिची मोठी शर्यत होती. खेळाडूची झोप म्हणजे अर्धा सराव, असं तिच्या प्रशिक्षकांनी जावईबापूंना एकदा बजावलं होतं, आणि बजावलेली गोष्ट विसरणाऱ्यातले जावईबापू नव्हते. (न बजावलेल्या गोष्टींचं मात्र काही सांगता यायचं नाही.)

जावईबापू हे त्यांचं सासरचं नाव. ते इतकं चिकटलं होतं की बायकोसुद्धा मैत्रिणींशी बोलताना त्यांना तेच म्हणायची. बायको चालण्याच्या शर्यतीतली खेळाडू. परदेशातल्या सराव केंद्राने तिला दोन वर्षांसाठी बोलावलं, तेव्हा सासूबाई म्हणाल्या होत्या, "चालायलाच जायचं तर इतक्या लांब कशाला? इथे रस्ते नाहीत का?" पण जावईबापूंनी छातीठोकपणे ऑफिसात बिनपगारी रजा टाकली आणि निघाले. ऑफिसात ते आवक-जावक टेबलावर होते. अकरा वर्षांत त्यांच्या हातून एकही कागद हरवला नव्हता. (पुढेही सरकला नव्हता, पण तो मुद्दा वेगळा.)

म्हणूनच तिने त्यांच्यावर ठावठिकाण्याचं काम सोपवलं. तिच्या दर्जाच्या खेळाडूला रोजच्या दिवसातला एक तास आधी कळवून ठेवावा लागतो, की या वेळेत मी अमुक ठिकाणी सापडेन. त्या तासात उत्तेजक द्रव्यांची तपासणी करणारी माणसं न सांगता कधीही येऊ शकतात. खेळाडू सापडली नाही तर एक ठपका. वर्षात तीन ठपके, की खेळ बंद. दोन वर्षं.

तिच्या नावावर दोन ठपके होते. पहिला तिच्याच चुकीने, विमान चुकलं म्हणून. दुसरा जावईबापूंमुळे. घर बदलल्यावर त्यांनी नवा पत्ता व्यवस्थित वहीत लिहिला, वही व्यवस्थित कपाटात ठेवली, आणि कळवायचं राहून गेलं. तपासणीवाले जुन्या घरी तासभर बसून गेले.

त्याचं पत्र आलं रविवारी. ते वाचून ती म्हणाली, "तू घरी परत गेलास तरी चालेल. माझं मी बघेन."

जावईबापू "बरं" म्हणाले. त्यांना फार लागलं होतं.

सोमवारी सेल काढले ते या पार्श्वभूमीवर. आता घंटाच नाही तर तपासणीवाले आल्याचं कळणार कसं, हा प्रश्न त्यांनाही पडला. त्यावर त्यांनी तोडगा काढला की रोज सकाळी सहा ते सात आपणच दारामागे खुर्ची टाकून बसायचं. पावलं वाजली की दार उघडायचं. म्हणजे तिची झोपही मोडायची नाही आणि ठपकाही बसायचा नाही. हे बायकोला सांगायचं त्यांच्या मनात होतं, पण रविवारपासून दोघांत मिठाच्या डबीपलीकडे बोलणं नव्हतं.

मंगळवारी सहाला पाच कमी असताना ते खुर्चीवर बसले. बायको आत झोपली होती, कानात कापसाचे बोळे घालून. (बोळे जावईबापूंनीच करून दिले होते. कारण विचारू नये. घोरणारा माणूस स्वतःचं घोरणं कधी ऐकत नाही.) सहा वाजून पाच मिनिटांनी खाली गाडी थांबली. जावईबापूंनी फोन खुर्चीवर ठेवला, चपला सरकवल्या आणि तीन जिने धडधडत उतरले.

गाडी पावाची होती. पाववाल्याने त्यांना नमस्कारासारखं काहीतरी केलं आणि तो निघून गेला. खाली आलोच आहोत तर पाहुण्यांना दारातच गाठू, असं म्हणून जावईबापू तिथेच उभे राहिले. वर त्यांच्यामागे दार आपोआप बंद झालं होतं आणि किल्ली आत होती, हे त्यांच्या गावीही नव्हतं.

आणि सहा वीसला पाहुणे खरंच आले. निळी पेटी घेतलेल्या एक बाई आणि त्यांच्याबरोबर एक उंच गृहस्थ. जावईबापूंना इतका आनंद झाला की त्यांनी पेटी उचलायला हात पुढे केला. बाई दोन पावलं मागे सरकल्या. "पेटीला हात लावायचा नाही. आपण कोण?"

"मी तिचा नवरा! चला ना, ती वरच आहे. झोपलीय."

वर गेल्यावर दार उघडेना. जावईबापूंनी आधी बोटाने वाजवलं, मग मुठीने, मग खांद्याने. उंच गृहस्थांनी घंटा दाबून पाहिली.

"ती चालत नाही," जावईबापू म्हणाले. "सेल मी काढून ठेवलेत."

"का?"

"कोणी आलं तर तिची झोपमोड होऊ नये म्हणून."

बाईंनी वहीत काहीतरी लिहिलं. "दुसरं दार नाही का?"

"स्वयंपाकघराला आहे, मागच्या जिन्याकडे. पण ते कचरा नेण्यापुरतं. आतून कडी असते. रोज झोपताना मीच लावतो." हे सांगताना त्यांना थोडा अभिमानच वाटला. "पण ती आत झोपलीय, हे नक्की. लिहून घ्या हवं तर."

बाईंनी लिहून घेतलं. मग त्या पायरीवर बसल्या आणि घड्याळ काढून मांडीवर ठेवलं. "आम्ही सातपर्यंत थांबू."

जावईबापूंनी पुन्हा दार बडवायला घेतलं. "अगं ऊठ! तपासणी आलीय!" असं ते मराठीतून ओरडत होते, आणि मजल्यावरचं एकेक दार किलकिलं होऊन बंद होत होतं. शेवटी समोरच्या आजी गाऊनवर शाल घेऊन बाहेर आल्या. त्या निवृत्त परिचारिका होत्या, आणि आरडाओरडा करणाऱ्या पुरुषांची त्यांना सवय होती.

"कोणाला उठवताय? ती गेली ना मघाशीच. सव्वासहाला मागच्या अंगणात पाहिली मी. कचऱ्याच्या डब्यांपाशी उभी होती, मग फाटकातून बाहेर गेली."

जावईबापूंनी बाईंच्या मांडीवरच्या घड्याळात पाहिलं. सहा छत्तीस झाले होते. तिसरा ठपका म्हणजे शर्यत गेली, दोन वर्षं गेली, आणि ती तिशीच्या पुढे गेली. बाईंनी आधीच्या ओळीखाली आणखी एक ओळ लिहिली.

"तिला आणतो," एवढंच म्हणून ते खाली धावले.

रस्त्यावर येऊन पाहतात तो समोरच्या बागेतून बायको बाहेर पडत होती. शंभर पावलांवर. पाठमोरी. जावईबापूंनी हाक मारली, पण कानात बोळे तसेच होते. ते धावायला लागले. ती चालत होती.

चाळिशीतल्या, पोट सुटलेल्या माणसाने चपला घालून धावणं आणि राष्ट्रीय दर्जाच्या बाईने घाईत चालणं, यांत कोण पुढे जाईल हे सांगायला पंच लागत नाहीत. शंभर पावलांची दीडशे झाली, दीडशेची अडीचशे. कोपऱ्यावरचा पाववाला गाडी थांबवून बघत राहिला. त्याच्या दृष्टीने एक बाई शांतपणे चालली होती आणि एक गृहस्थ हातवारे करत तिच्यामागे धावत होता. त्याने गृहस्थालाच हटकलं. "काय त्रास देता हो बाईंना?" त्याला चुकवताना जावईबापूंची एक चप्पल गटारीत गेली.

ती विमानतळाकडे जाणाऱ्या बसच्या थांब्यावर थांबली. बसमध्ये चढली, सगळ्या बाकांवरून नजर फिरवली, चालकाला काहीतरी विचारलं आणि खाली उतरली. तेव्हा कुठे तिला जावईबापू दिसले. ते खांबाला धरून उभे होते.

तिने कानातला कापूस काढला. "कुठे होतास?" ती ओरडली. "जाग आली तर तू नाहीस. फोन खुर्चीवर. वाटलं कचरा टाकायला गेलास, तिथे नाहीस. बागेत नाहीस. मला वाटलं, मी बोलले म्हणून खरंच निघालास. तपासणीच्या तासाचंही भान राहिलं नाही."

"फोनशिवाय? पासपोर्टशिवाय?"

"तुझं काय सांगावं!" ती म्हणाली आणि तिने रडत रडत त्यांच्या दंडावर एक चापट मारली. "मी रागात बोलले होते रे. तू नसलास तर मला इथे एक दिवस करमत नाही."

असं वाक्य जावईबापूंना लग्नानंतरच्या नऊ वर्षांत दुसऱ्यांदा ऐकायला मिळत होतं, आणि ते उभ्या उभ्या शांतपणे ऐकावं अशी त्यांची फार इच्छा होती. पण चौकातलं घड्याळ सहा अठ्ठेचाळीस दाखवत होतं.

"तपासणी," ते धापा टाकत म्हणाले. "घरी. बसलेत."

तिचा चेहराच बदलला. "तू ये मागून," म्हणाली आणि निघाली. त्या दिवशी ती कशी चालली ते पाहायला तिचे प्रशिक्षक हवे होते. सहा पंचावन्नला ती मागच्या जिन्याने वर चढून, उघड्या ठेवलेल्या स्वयंपाकघरातून येऊन, पुढचं दार आतून उघडून बाईंसमोर उभी होती. जावईबापू सात वाजून बारा मिनिटांनी पोचले.

तोवर ठपका टळला होता. पाणी पिऊन झालं, नमुना देऊन झाला, बाटल्यांना सील लागलं. जेवणाच्या टेबलावर कागद पसरून बाई म्हणाल्या, "आता शेरा वाचून दाखवते. चूक असेल तर आत्ताच सांगा. ‘दारात एक इसम आढळला. घंटा त्यानेच बंद केली होती. खेळाडू आत झोपली आहे असं त्याने खात्रीने सांगितलं. ते खोटं निघालं. आपण खेळाडूचा नवरा आहोत, असंही त्याने सांगितलं.’"

बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "त्याच्याजवळ ओळखपत्र नव्हतं, म्हणून तुम्हाला विचारते. हे शेवटचं तरी खरं आहे का?"

बायकोने पेन हातात घेतलं. एका चपलेवर उभ्या असलेल्या जावईबापूंकडे एकदा नीट पाहिलं आणि ती विचारात पडली. तेवढ्या वेळात ती बसथांब्यापर्यंत जाऊन परत आली असती.